शिसपेन्सिल आणि मातीचा माठ



डहाणू शहराला लागून मसोली आहे. पश्चिमेस समुद्र, भोंवतीं चिकूच्या वाड्या, आणि दूर पूर्वेस वारल्यांच्या पाड्यांची डोंगराळ भूमि. या मसोलींतील कोणत्याहि साध्या घरांत दोन वस्तु हटकून आढळतील. एक, मुलाच्या दप्तरांतील शिसपेन्सिल. दुसरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांतील पाण्याचा माठ. पेन्सिल काळी, गुळगुळीत, जराशा दाबानें झिजणारी. माठ तांबडा, खरबरीत, सर्वांगांतून पाणी पाझरविणारा. या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल अशी शंका मुलालाहि येत नाहीं आणि त्याच्या आईलाहि येत नाहीं. परंतु गेल्या पंधरावीस वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनीं जें एक नवें द्रव्यकुल निर्माण केलें आहे, त्याचें मर्म या दोन वस्तूंत सांठविलेलें आहे. पेन्सिलींतील कर्बाचें एकेक पातळ पान वेगळें काढावयाचें, त्यावर प्राणवायु चढवावयाचा, माठासारख्या सच्छिद्र परंतु मातीऐवजीं सेंद्रिय रेणूंनीं विणलेल्या पदार्थाशीं त्याची गांठ घालावयाची, आणि मग त्या दोघांमध्यें विद्युत्कणांची जी देवघेव चालते तिचा उपयोग पाणी निवळण्यास, वायु पकडण्यास किंवा वीज सांठविण्यास करावयाचा, अशी ही विद्या आहे. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

इतकी सूक्ष्म विद्या चिकूच्या वाडींत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर या प्रांताच्या अलीकडील इतिहासांत आहे. डहाणू तालुक्याला केंद्र सरकारनें २० जून १९९१ रोजीं पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केलें. याच तालुक्यांत ५०० मेगावॅट शक्तीचें, कोळशावर चालणारें वीजकेंद्रहि उभें राहिलें. एकीकडे नाजूक म्हणून जपावयाची भूमि आणि दुसरीकडे कोळशाचा धूर, असा हा पेंच होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयाच्या आदेशानें १९९६ सालीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं तालुक्याकरितां स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमण्यांत आलें. धुरांतील गंधकाचा वायु काढून टाकणारी यंत्रणा बसवा, असें या प्राधिकरणानें बजाविलें. पुष्कळ वर्षें ओढाताण झाली. आणि २००७ सालीं ती यंत्रणा चालू झाली. तिच्यांत धूर समुद्राच्या पाण्यानें धुतात. समुद्राचें पाणी स्वभावतः किंचित् अल्कधर्मी असतें. त्यांत गंधकाचा वायु विरतो, हवेंतील प्राणवायूनें त्याचें सल्फेट होतें, आणि सल्फेट तर समुद्रांत मूळचेंच आहे. साधी युक्ति, परंतु ती प्रत्यक्षांत उतरण्यास लोकांचा आग्रह, न्यायालयाचा आदेश आणि दीर्घ काळ हीं तिन्ही लागलीं.

दक्षिणेकडे थोडें उतरलें म्हणजे तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. तेथें रसायनांचे, औषधांचे आणि कापडाचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाच्या मानानें जे गुण दिले, त्यांत तारापूरचा क्रम पहिला लागला, गुण ९३.६९. हा मान कोणालाहि नकोसा वाटावा असाच होता. वसाहतींतील सांडपाण्यानें खाड्या आणि किनारा बिघडतो, मासळी नाहींशी होते, अशी तक्रार घेऊन मांगेला समाजाच्या परिषदेनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. तेव्हां धुरांतून वायु वेंचावा कसा आणि पाण्यांतून रंग व विष काढावें कसें, हे प्रश्न या किनाऱ्यावर पुस्तकांतले नाहींत. ते जाळ्याचे आणि ताटांतल्या घांसाचे आहेत. म्हणूनच प्रयोगशाळांत चाललेल्या या नव्या प्रयत्नांची माहिती येथील मनुष्यास असावी, आणि तिच्यांत आशा किती व अतिशयोक्ति किती हेंहि त्याला ओळखतां यावें.

प्रथम पेन्सिलीकडे वळूं या. शिसपेन्सिल हें नांवच फसवें आहे, कारण तिच्यांत शिसें मुळींच नसतें. तिची काळी कांडी म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचें भट्टींत भाजलेलें मिश्रण होय. ग्राफाइट हें शुद्ध कर्बाचें एक रूप. त्याची रचना पानांच्या चळतीसारखी असते. प्रत्येक पानांत कर्बाचे अणु मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनांत बसलेले असतात. जोडणी करण्यास कर्बाजवळ चार विद्युत्कण असतात. त्यांतील तीन शेजारच्या तीन अणूंशीं बांधले जातात. चौथा मात्र कोणा एकाचा न राहतां साऱ्या पानावर मोकळा हिंडतो. गांवच्या गायरानावर जसा सर्वांचा सारखा हक्क, तसा या चौथ्या कणांवर साऱ्या पानाचा हक्क असतो. या मोकळ्या कणांमुळेंच ग्राफाइट वीज वाहतो. दोन पानांमधील ओढ मात्र दुबळी असते, म्हणून कागदावर रेघ ओढतांच पानें सुटून मागें राहतात. हीं पानें इतकीं पातळ, कीं एका मिलिमीटरच्या जाडींत सुमारें तीस लक्ष पानें मावतील. असें एकच पान चिकटपट्टीच्या साह्यानें सुटें करून त्याचे विद्युद्गुण मॅंचेस्टर येथील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केले, आणि २०१० सालीं त्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. या एकेरी पानाला ग्राफीन असें म्हणतात.

ग्राफीनचा दोष असा कीं तें पाण्याशीं मिसळत नाहीं, आणि सुटीं पानें पुन्हां एकमेकांवर बसून चळत करूं पाहतात. यावरचा उपाय ग्राफीनच्या शोधाहून फार जुना आहे. ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रोडी यानें १८५९ सालींच ग्राफाइटावर तीव्र रसायनांचा प्रयोग करून त्यावर प्राणवायु चढविला होता. पुढें १९५८ सालीं हमर्स आणि ऑफेमन या दोघांनीं संहत गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून हीच क्रिया बरीच सोपी केली. या क्रियेनंतर पानाच्या अंगावर आणि कडांवर प्राणवायुयुक्त गट उगवतात, पानें पाण्यांत सहज सुटतात, आणि तपकिरी रंगाचें ग्राफीन ऑक्साइड तयार होतें. परंतु यासाठीं किंमत मोजावी लागते. ज्या ज्या कर्बावर प्राणवायु बसला, त्या त्या कर्बाचा तो चौथा मोकळा कण बांधला गेला. गायरानांत जागोजाग कुंपणें पडलीं. त्यामुळें ग्राफीन ऑक्साइड हें विजेचें दुबळें वाहक, जवळजवळ अवाहकच होतें. हीं कुंपणें उष्णतेनें किंवा रसायनांनीं बरींचशीं काढतां येतात. आंबट फळांत असणारें जीवनसत्त्व ‘क’ सुद्धां हें काम करूं शकतें. सर्व कुंपणें मात्र निघत नाहींत, आणि पान पूर्ववत् निर्दोष कधींच होत नाहीं.

आतां माठाकडे पाहूं या. माठांत पाणी गार राहतें तें त्याच्या छिद्रांमुळें, हें सर्वांस ठाऊक आहे. पाणी पाझरतें, बाहेर येऊन वाफ होतें, आणि जातांना उष्णता घेऊन जातें. माठाचीं छिद्रें मातीच्या कणांमध्यें योगायोगानें राहून गेलेलीं असतात. रसायनशास्त्रज्ञांनीं मनांत आणलें कीं, रेणूंच्या काड्या आणि सांधे घेऊन मोजून-मापून विणलेलें जाळें कां करूं नये, कीं ज्याचीं छिद्रें आपल्या इच्छेप्रमाणें लहानमोठीं ठेवतां येतील? अशा सच्छिद्र बहुवारिकांचे अनेक प्रकार झाले आहेत. त्यांतील ज्यांचें जाळें अत्यंत नियमित असतें, असा एक प्रकार ओमर याघी आणि त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केला. धातु आणि सेंद्रिय रेणु यांच्या जाळ्यांबद्दल याघी यांस, सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉब्सन यांजबरोबर, २०२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या कामांत महाराष्ट्राचाहि वाटा आहे, आणि तो लहान नाहीं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजीं सुरू झाली. आरंभीच्या सेंद्रिय जाळ्यांचा मोठा दोष असा होता कीं पाणी लागतांच तीं उसवत. जीं जाळीं पाण्यांतच टिकत नाहींत त्यांनीं पाणी शुद्ध कसें व्हावें? पुण्याच्या या प्रयोगशाळेंत राहुल बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं अशीं जाळीं विणलीं, कीं तीं उकळत्या पाण्यांत टिकलीं आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लांतहि टिकलीं. सांधा जुळल्यावर रेणूच्या आंत अणूंची जागा अशी कांहीं बदलते कीं तो सांधा पुन्हां मागें फिरून सुटूंच शकत नाहीं, हें त्या यशाचें रहस्य. त्यांतील एका जाळ्याच्या एका ग्रॅम पुडीचा अंतर्भाग पसरला तर पांचशें चौरस मीटरांहून अधिक भरेल. चिमूटभर भुकटींत एवढें अंगण मावतें.

परंतु सच्छिद्र जाळ्यांनाहि दोष आहे. बहुतेक जाळीं वीज नीट वाहत नाहींत. प्रकाश किंवा वायु त्यांच्या छिद्रांत शिरून कांहीं विद्युत्कण हलवूं लागला, तर त्या कणाला जावयास वाट नसते. ग्राफीन ऑक्साइडला वाटा करून देतां येतात, परंतु त्याचीं पानें एकमेकांवर चिकटून बसतात व आंतील जागा वाया जाते. म्हणून दोघांची सांगड घालण्याची कल्पना निघाली. पानांमध्यें जाळें वाढवावें म्हणजे पानें चिकटणार नाहींत; जाळ्यांत पानें रोंवावीं म्हणजे कणाला रस्ता मिळेल. आंधळ्यानें लंगड्यास खांद्यावर घ्यावें तसा हा प्रकार आहे.

येथें एक भेद नीट ध्यानीं घ्यावयास हवा. वारली बायका कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चित्र काढतात, तेव्हां कोरडें पीठ नुसतें भिंतीवर फेंकलें तर तें खालीं गळून पडेल. पाणी आणि डिंक यांनीं तें भिंतीस धरतें, तेव्हां कोठें चित्र होतें. त्याचप्रमाणें ग्राफीन ऑक्साइड आणि बहुवारिक एका खलांत घोटलीं म्हणजे मिश्रण होतें, संकर होत नाहीं. पेन्सिलीच्या कांडींतहि ग्राफाइट व भाजलेली माती शेजारीं शेजारीं असतातच. पण तेथें विद्युत्कणांची म्हणण्यासारखी देवघेव नाहीं. खरा संकर होण्यास दोघांमध्यें बंध हवा. तो चार प्रकारें पडतो. जाळ्यांतील सपाट कर्बवलयें पानावर सपाट बसतात, तेव्हां दोघांचे मोकळे विद्युत्कण एकमेकांच्या ओढींत येतात. पानावरील प्राणवायु आणि जाळ्यांतील नत्रवायु यांच्यामध्यें हायड्रोजनचा दुवा पडतो. पाण्यांत पानावर ऋण भार येतो, तो जाळ्यावरील धन भारास ओढतो. आणि चौथा प्रकार सर्वांत बळकट: पानाच्या कडेचा आम्लगट आणि जाळ्याचा अमाइन गट यांचा प्रत्यक्ष रासायनिक विवाह लावतां येतो.

बंध पडल्यावर देवघेव सुरू होते. ज्या जाळ्यांत नत्रवायु विपुल आहे तें स्वभावानें दाता असतें. प्राणवायूमुळें विद्युत्कणांना ओढणारें ग्राफीन ऑक्साइड हा याचक. जाळ्यावर प्रकाश पडला कीं त्यांतील एक कण वरच्या पायरीवर उडी मारतो, आणि मागें एक रिकामी जागा राहते. कण लगेच खालीं परतला तर सारी उडी फुकट. परंतु शेजारीं ग्राफीनचें पान हात पसरून असेल तर कण त्याच्या स्वाधीन होतो, पान त्याला दूर नेतें, आणि तो पाण्यांतील प्राणवायूला मिळाला तर त्या प्राणवायूचें असें उग्र रूप होतें कीं तें रंगाच्या रेणूचे तुकडे करूं लागतें. धुरांतील कार्बन डाय-ऑक्साइडचीहि गोष्ट अशीच आहे. त्याच्या मधल्या कर्बाजवळ विद्युत्कणांची टंचाई असते. जाळ्यांतील नत्रवायु आपले कण पुढें करतो, आणि वायु छिद्रांत थबकतो. वीज सांठवावयाची असेल तेव्हां भारित अणु छिद्रांत दाटीनें बसतात आणि विद्युत्कण पानावरून ये-जा करतात.

ही देवघेव डोळ्यांना दिसत नाहीं. मग ती झाली हें शास्त्रज्ञ कशावरून म्हणतात? पुष्कळ जाळीं प्रकाश टाकल्यावर स्वतः चमकतात. वर गेलेला कण खालीं येतांना ती चमक देतो. ग्राफीन ऑक्साइड मिसळल्यावर चमक मंदावली तर कण दुसरीकडे गेला, असें अनुमान काढतात. येथेंच पुष्कळांची फसगत होते. ग्राफीन ऑक्साइड मूळचेंच काळसर. दिव्यासमोर काळा कागद धरल्यावर उजेड कमी झाला, म्हणून दिव्याचें तेल संपलें असें कोणी म्हणेल काय? म्हणून सावध संशोधक चमकेची तीव्रता मोजून थांबत नाहीं, ती किती काळ टिकते हेंहि मोजतो. नुसती सावली पडली असेल तर चमकेचें आयुष्य बदलत नाहीं. शेजाऱ्यानें खरोखरच कांहीं उचललें असेल तर तें आंखूड होतें. त्यांतहि कण गेला कीं केवळ ऊर्जा गेली, हें ठरविण्यास आणखी पुरावा लागतो. रामन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशविकिरणांत कर्बाच्या पानाच्या रेषा थोड्या सरकतात. क्ष-किरणांनीं उपटलेल्या कणांची ऊर्जा मोजली असतां नत्रवायूनें आपले कण दिले आहेत कीं नाहींत तें समजतें. तीनचार साक्षी जुळल्या तरच निवाडा द्यावा. शास्त्रांत काय आणि न्यायालयांत काय, एका साक्षीवर खटला निकालांत काढणें बरें नव्हे.

आतां तारापूरच्या पाण्याकडे परत येऊं या. कापड रंगविण्याच्या धंद्यांत वापरले जाणारे पुष्कळ रंग धनभारित आणि सपाट रेणूंचे असतात; मेथिलीन ब्लू हें त्यांचें प्रयोगशाळेंतील नेहमींचें उदाहरण. ऋणभारित, सपाट ग्राफीन ऑक्साइड त्यांना चटकन् धरून ठेवतें. मात्र सुटें ग्राफीन ऑक्साइड पाण्यांत इतकें बारीक पसरतें कीं रंग पकडल्यावर पकडणाऱ्यालाच पुन्हां कसें पकडावें हा प्रश्न पडतो. सच्छिद्र बहुवारिकाच्या जाळ्यांत तें रोंवलें असलें म्हणजे सारें एका गोळ्याप्रमाणें उचलतां येतें, धुतां येतें, आणि पुन्हां वापरतां येतें. येथपर्यंत सारें ठीक आहे.

परंतु प्रयोगशाळेंतील काचपात्र आणि कारखान्याचा नाला यांत मोठें अंतर असतें. काचपात्रांत एकच रंग स्वच्छ पाण्यांत विरघळविलेला असतो. नाल्यांत मीठ, तेल, आम्लें, धातु आणि शेंकडों रेणु एकदम असतात. मिठाचे कण ऋणभाराला घेरून बसतात आणि रंगाला जागाच उरत नाहीं. दुसरें असें कीं, गाळणीनें पकडलेलें विष नाहींसें होत नाहीं, केवळ जागा बदलतें. भरलेली गाळणी कोठें टाकावयाची, याचें उत्तर आधीं हवें. तिसरें सर्वांत मार्मिक आहे. हमर्सच्या पद्धतीनें ग्राफीन ऑक्साइड करतांना संहत गंधकाम्ल आणि परमँगनेट लागतात, आणि तयार माल धुण्यास पुष्कळ पाणी लागतें. तें पाणी आम्ल आणि मँगनीज घेऊन बाहेर पडतें. पाणी शुद्ध करणारा पदार्थ करतांना दुसरें पाणी नासलें, तर एकाच्या अंगणांतला केर दुसऱ्याच्या दारांत लोटल्यासारखें होईल. शिवाय हीं सूक्ष्म पानें जलचरांच्या पेशींना अपाय करूं शकतात, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. तेव्हां ज्या खाडीवर कोळ्याचें पोट आहे, तींत तीं निष्काळजीपणें सोडणें क्षम्य ठरणार नाहीं.

याचा अर्थ ही विद्या टाकाऊ आहे असा मुळींच नव्हे. धुरासाठीं समुद्राच्या पाण्याची युक्ति डहाणूंत येण्यापूर्वींच ठाऊक होती. ती येथें आली ती लोकांनीं मागितली म्हणून, आणि तिच्यावर देखरेख ठेवणारें कोणी होतें म्हणून. नव्या द्रव्यांच्या बाबतींतहि हाच न्याय आहे. प्रयोगशाळेनें प्रामाणिकपणें मोजावें आणि जें सिद्ध झालें नाहीं तें सिद्ध झालें असें सांगूं नये. कारखानदारानें रंग काढण्याच्या खर्चाबरोबर गाळणीच्या विल्हेवाटीचाहि खर्च हिशेबांत धरावा. आणि किनाऱ्यावरील मनुष्यानें, नवें नांव ऐकून दिपून न जातां, किती पाणी, किती काळ, आणि मागें काय उरलें, हे तीन साधे प्रश्न विचारावे.

मसोलींतील तो मुलगा उद्यां वहींत पेन्सिलीनें एक रेघ ओढील, आणि तहान लागली म्हणजे उठून माठांतलें पाणी पिईल. त्या रेघेंत कर्बाचीं असंख्य पानें सुटून पडलेलीं असतील, आणि माठाच्या अंगांत असंख्य छिद्रें आपलें काम करीत असतील. हीं दोन एकत्र आणण्याची कला मनुष्याला थोडीशी साधली आहे. ती कोणाच्या उपयोगीं पडणार, हें ठरविण्याचें काम मात्र पानांचें नाहीं, छिद्रांचें नाहीं, आणि विद्युत्कणांचेंहि नाहीं. तें माणसांचें आहे. माठ कितीहि चांगला असला, तरी त्यांत पाणी कोठलें भरावयाचें हें घरच्या माणसांनींच पाहावें लागतें.